गाढवावरून भांडण

“तिला गाढव, आणि मला काय, गाढवाची शेपटी?”

तेनिनने हातातलं मुसळ अंगणात भिरकावलं. तिची थोरली सवत कोरोतुमू कमरेवर हात ठेवून पुढे आली. “माझ्या गाढवाचं नाव काढशील तर जीभ हासडीन!” कोंबड्या सैरावैरा पळाल्या. शेजारच्या बायका हातातली कामं टाकून कुंपणाशी गोळा झाल्या. असा तमाशा कोण सोडतंय!

दोघींच्या मधे त्यांचा नवरा दाऊदा सापडला होता. बिचारा कधी हिच्याकडे बघे, कधी तिच्याकडे. कडुलिंबाखालच्या खाटेवर त्याचा थोरला भाऊ सिदीकी पाय पसरून बसला होता. कालच दाऊदाच्या कापसाचे पैसे आले होते आणि आज सकाळी सिदीकीला भावाची आठवण आली होती. त्याला मोटरसायकलला नवी चाकं घालायची होती. थोरल्याने मागितलं की धाकट्याने नाही म्हणायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. सिदीकीचं सगळं आयुष्य या रीतीवर मजेत चाललं होतं.

नाबिंतू आपल्या खोलीच्या दारातून हे बघत होती. तिसरी बायको म्हणून या घरात येऊन तिला आठवडाही झाला नव्हता. माहेरी ती शिया झाडाच्या बियांतून काढलेल्या लोण्याचा साबण करायची, आणि तो असा करायची की बाजारात गिऱ्हाईक तिची वाट बघत थांबायचं. एक मोठी कढई मिळाली की इथेही धंदा मांडायचा, एवढीच तिची इच्छा. तिने दाऊदाकडे विषय काढला, तर तो कुदळ उचलून शेताकडे निघून गेला. आता ती काय समजायचं ते समजली. जिथे गाढवावरून डोकी फुटायची वेळ येते, तिथे तिसरीच्या कढईला कोण विचारतो? तिला रडू आलं. माहेरी परत जायचं ठरवून तिने गाठोडं बांधायला घेतलं.

बाहेर दाऊदाने कपाळाला हात लावला. “बस्स! एकीला दिलं की दुसरीला द्यावंच लागतं, हे काय मला ठाऊक नाही? घेतो तुलाही गाढव. आजच घेतो. सगळे पैसे घाला त्यात!”

सिदीकी चरफडत उठला. “तुझ्या बायका एक दिवस तुलाच विकून खातील, दाऊदा.” पण करतो काय? बायकोच्या वस्तूला दीर हात लावत नाही. लावला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. तो फटफटत निघाला. दाऊदा त्याला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत गेला.

नाबिंतू गाठोडं घेऊन बाहेर आली आणि जागीच थबकली. दोघी सवती एकाच परातीतून बाजरीचा घाटा भेंडीच्या कालवणात बुडवून खात होत्या. हसता हसता तेनिनला ठसका लागला होता, आणि थोरली तिच्या पाठीवर थापट्या मारत होती.

“गाठोडं घेऊन कुठं निघालीस गं?” थोरली म्हणाली. “बस, जेव.”

“पण तुम्ही तर... भांडत होतात!”

“मग काय करणार? नाहीतर हिचं गाढव भावजींच्या चाकांत गेलं असतं. गेल्या वर्षी मी भांडले, यंदा ही. आता दोन गाढवं झाली. गाडी जोडली की तिघींचा माल शहरात.”

तिघींचा! नाबिंतूचा जीव भांड्यात पडला. गाठोडं खाली ठेवून ती परातीशी टेकली. तरी तिला नवऱ्याची दया आली. साधाभोळा माणूस, दोघींनी मिळून त्याला चांगलंच बनवलं होतं.

“त्यांना कळलं तर?” तिने हळूच विचारलं.

तेवढ्यात दाऊदा परत आला. त्याने हात धुतले, परातीशी मांडी घातली आणि पहिला घास घेतला.

“मुसळ जरा लांब फेकत जा,” तो तेनिनला म्हणाला, “दादाच्या पायावर पडलं असतं.” मग तो नाबिंतूकडे वळला. “शेंगा विकल्या की दादा पुन्हा येईल. तोवर बाजारात कढई बघून ठेव. आणि तुला मोठ्यानं रडता येतं ना?”