सोफ्यामागची टाकी

“वाढू नकोस गं इतकी, दार लहान आहे आपलं.”

चाळीस वर्षांपूर्वीचा आईचा आवाज. हसता हसता म्हणायची आणि म्हणता म्हणता डोक्यावर हलकी थापटी मारायची, जशी काही त्या थापटीने लेकीची उंची खाली बसणार होती. दवाखान्यातल्या बाईंना तो आवाज आज ऐकू आला, तेव्हा त्या ओल्या चादरीचं एक टोक धरून उभ्या होत्या. दुसरं टोक नवी काचेची टाकी बसवायला आलेल्या टाकीवाल्याच्या हातात. मधे मासा. चादर त्याला पुरत नव्हती.

काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपूट, आणि मिशा अशा की फौजदाराने रजा टाकावी. सव्वा वर्षापूर्वी दाताच्या डॉक्टरांनी तो पिशवीतून आणला, तेव्हा बोटाएवढा होता. टाकीतले बाकीचे सात मासे एकामागून एक नाहीसे झाले, तेव्हा डॉक्टरांनी बाईंची चौकशी केली होती. माशाची केली नव्हती.

“सावकाश, ताई,” टाकीवाला म्हणाला. “नाकाला लागेल.”

नाकाला आधीच लागलेलं होतं. जुन्या टाकीच्या काचेवर घासून घासून तिथली कातडी गेली होती, आत गुलाबी दिसत होतं. बाई रोज सकाळी आधी ते नाक बघत, मग केर काढत.

मासा नव्या टाकीत उतरला. सहा फूट लांब टाकी, सोफ्याच्या पाठीमागे भिंतीला लावलेली, वर निळा दिवा. सोफ्यावर चार पेशंट माना वळवून बसले होते. त्यांतल्या एका आजोबांचा गाल लिंबाएवढा सुजलेला. ते दहापासून बसले होते. डॉक्टर साडेअकराला आले आणि आल्या आल्या आत न जाता टाकीपुढे उभे राहिले, हाताची घडी घालून, उद्घाटनाला आल्यासारखे.

“वा! शोभा आली की नाही खोलीला?”

मासा संथपणे डावीकडे गेला. काच आली. त्याने वळायला अंग मुडपलं, शेपूट मागच्या काचेला लागलं, डोकं पुढच्या काचेला. तिथेच अडकला. मग जोराने फडफडला, अर्धी बादली पाणी सोफ्यावर उडालं, आणि मासा परत सरळ झाला. तोंड डावीकडेच.

“रुंदी किती आहे हिची?” बाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होती.

“एक फूट,” टाकीवाला म्हणाला.

“मी कागदावर तीन लिहून दिली होती. माशाची लांबीही लिहिली होती. दोन फूट चार इंच.”

“साहेबांनी फोन करून एक सांगितली. मी दोनदा विचारलं, ताई. दोनदा.”

“तीन केली असती तर सोफा कुठे ठेवायचा?” डॉक्टर म्हणाले. “माझ्या डोक्यावर? खोली बघून टाकी करतात, बाई. मासा बघून नाही.”

टाकीवाला फडक्याने काच पुसत होता. “तसं काही अडत नाही, साहेब. जाताना पुढे जाईल, येताना रिव्हर्स घेईल. आरसे तेवढे बसवून द्या त्याला.”

सोफ्यावरची एक बाई फिसकन हसली. आजोबांनाही हसायचं होतं, पण गाल धरून त्यांनी नुसते डोळे मिटले.

“हे तात्पुरतं आहे,” डॉक्टर जरा चढ्या आवाजात म्हणाले. ते आता पेशंटांशी बोलत होते. “नवीन दवाखान्यात हौद बांधणार आहे मी. पंधरा फुटी. वर काचेची जमीन. पेशंट चालत येतील आणि पायाखालून हा जाईल.”

नवीन दवाखान्याची जागा अजून बघायचीच होती. नऊ वर्षं बघायचीच होती.

“आणि बाई, त्याचं खाणं निम्मं करा. खाणं तोडलं की वाढ थांबते. साधी गोष्ट आहे.”

मासा मागे मागे सरकत होता. सहा फूट मागे. शेपटीने काच चाचपली, थांबला, पुन्हा पुढे. नाकाची गुलाबी जागा निळ्या दिव्यात जांभळी दिसत होती.

बाईंनी चादर पिळली, घडी घातली, टाकीवाल्याकडे दिली. टॉवेलला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

“बारा वाजता मत्स्यालयाची गाडी येतेय,” त्या म्हणाल्या. “मासा घेऊन जातील. त्यांच्याकडे मोठं तळं आहे.”

“कुणी सांगितलं त्यांना?”

“तुम्ही. पत्रावर सही तुमची आहे. गुरुवारी केलीत. मी पत्र पुढे ठेवलं, तुम्ही पेन मागितलं. वाचायला चष्मा मागितला नाहीत. टाकी नीट झाली असती तर मी ते परत मागवणार होते.”

डॉक्टरांचा चेहरा भूल उतरताना पेशंटचा होतो तसा झाला. एक बाजू हलत होती, दुसरी अजून नाही.

“अहो, पण मग... ही एवढी मोठी टाकी रिकामी? पेशंट बघत काय बसणार?”

बाई सोफ्यापाशी गेल्या. आजोबांना हाताला धरून उठवलं आणि आतल्या खोलीचं दार उघडून धरलं.

“डॉक्टर, नऊ वर्षं मी या लोकांना सांगतेय, निघालेत, वाटेत आहेत, पोचतीलच. तुम्ही निघालेले नसता. उठलेलेही नसता. फोन करून मीच उठवते तुम्हाला.” त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. “त्यांना बसवूच नका. वेळेवर या.”