तेवीस वर्षांची जाई

पासपोर्टवर वय तेवीस होतं, आणि नाचगाण्याच्या क्लबमधून पोलिसांनी सोडवून आणलेली जाई खुर्चीत पाय झुलवत कपातलं चॉकलेटी माइलो पीत होती. सिंगापूरच्याच बुकित पंजांग भागातून दुभाषी म्हणून आलेल्या जान्हवीला एका जागी बसवत नव्हतं.

तपास अधिकारी बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, "तिला नीट समजावा. अठराच्या आतली असेल, तर ती राजीखुशीने आली का, हे सिंगापूरचा कायदा विचारतच नाही. राहायची सोय होईल, शिकता येईल."

जान्हवीने समजावलं.

"मी तेवीसचीच आहे, ताई. किती वेळा सांगू?"

"बरं बाई, तेवीस. दहावीला किती टक्के पडले होते?"

"अजून पेपर कुठे दिलेत?" जाई बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

अधिकारी बाईंनी पेन उचललं. "काय म्हणाली?"

जाईने जान्हवीचं मनगट घट्ट धरलं. "नका ना सांगू, ताई. मला इथे आणणाऱ्या एजंटला खुशाल आत टाका. पण माझं वय वाढवलेल्या फॉर्मवर सही आईची आहे."