काचेपलीकडची पानं

“मोठ्यानं वाच की. मनातल्या मनात काय पुटपुटतेस?”

धाकटी पलंगावर बॅग उघडून बसली होती. संध्याकाळच्या गाडीनं ती निघणार होती. कपडे घडी करून आत जात होते, मग काहीतरी राहिलं म्हणून बाहेर येत होते.

थोरलीनं घसा साफ केला. तिची मुलांसाठीची पंचवीस पुस्तकं आता एकत्र निघणार होती आणि ‘मी लिहायला कशी लागले’ यावर सुरुवातीला दोन पानं हवीत, असं प्रकाशकांनी बजावलं होतं. पाच वाजता त्यांचा माणूस ती न्यायला येणार होता. पंचवीस पुस्तकांत जेवढा घाम निघाला नव्हता, तेवढा या दोन पानांनी काढला होता.

“‘मी नऊ वर्षांची होते,’” तिनं वाचायला घेतलं, “‘आणि माझी बहीण सहा वर्षांची...’”

“सव्वासहा.”

“बरं बाई, सव्वासहा. ‘तिला घटसर्प झाला होता. वॉर्डात कुणालाच सोडत नसत. खिडकी होती, पण कायम बंद. बाहेर कठडा होता, त्याच्या अलीकडे उभं राहायचं. खिडकीपासून पंधरा पावलं. आवाज आत पोचायचा नाही. म्हणून मी गोष्टी कागदावर काढून न्यायला लागले. वडील छापखान्यात होते, ते उरलेली जुनी कॅलेंडरं घरी आणत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी एक चित्र काढायची आणि खाली मुठीएवढ्या अक्षरांत एक ओळ लिहायची. एक कॅलेंडर, एक गोष्ट. आजही माझं पुस्तक बारा पानांचंच असतं.’”

ती थांबून हसली. “लोक म्हणतात, बाईंची शैली अल्पाक्षरी आहे. कसली शैली! पंधरा पावलांवरून वाचता यायला हवं ना.”

धाकटी हसली नाही. तिनं एक स्वेटर तिसऱ्यांदा घडी केला.

“‘एकेक कागद तोंडासमोर धरून मी मनात वीस आकडे मोजायची, म्हणजे तिला सावकाश वाचता यावं. ती खुदकन हसली की मला कळायचं, गोष्ट जमली. ती माझी पहिली वाचक.’ संपलं.”

कागद मांडीवर ठेवून थोरली वाट बघत राहिली. त्या गोष्टी आठवतात का, हे तिनं अठ्ठेचाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. धाकटी बरी होऊन घरी आली, नर्सबाईंची नक्कल करून सगळ्यांना हसवलं, पण त्या कागदांबद्दल चकार शब्द काढला नाही. लहान आहे, विसरली असेल, असं थोरलीनं स्वतःला समजावलं होतं. पुढे धाकटी लग्न होऊन लांब गेली. प्रत्येक नवं पुस्तक पोस्टानं पहिलं तिच्याकडे जायचं, आणि प्रत्येक वेळी तिचा फोन यायचा, “छान आहे गं, चित्रं गोड आहेत.” शेजारणीचं बाळ बघून आल्यासारखा.

“एखादी तरी आठवते का तुला?” शेवटी थोरलीनं विचारलं. “ती छत्री हरवलेली गोगलगाय?”

धाकटीनं बॅगेची चेन लावली. परत उघडली.

“ताई, रागावणार नाहीस ना?”

“रागावायला मी काय तुझी सासू आहे?”

“मला काही दिसायचंच नाही गं.”

“म्हणजे?” थोरलीनं विचारलं.

“चष्मा मला पुढच्या वर्षी लागला. शाळेत बाईंच्या लक्षात आलं. तोवर मला वाटायचं, लांबचं सगळ्यांनाच असं दिसतं. एक पांढरा चौकोन दिसायचा. मधे काहीतरी रंगीत. आणि दोन्ही कडांना तुझी बोटं.”

“पण तू हसायचीस! एकदा तर टाळ्या वाजवल्यास!”

“दुसरा कागद काढायला तू हातातला खाली घ्यायचीस ना, तेवढ्यात तुझं तोंड दिसायचं. धूसरच. पण आपलं माणूस ओळखू येतंच की. मग परत कागद वर. मी आपली बसलेली, कधी खाली येतोय म्हणून.”

वीस आकडे थोरली किती प्रामाणिकपणे मोजायची, आणि हातातला कागद किती झटक्यात बदलायची! खोळंबा नको म्हणून घरी सराव करून जायची.

“मग बोलली का नाहीस कधी?”

“काय बोलू? दिसत नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू कशाला आली असतीस? आणि पुढे तू लेखिका झालीस. मग तर बोलायची सोयच राहिली नाही.”

दारावरची बेल वाजली. प्रकाशकांचा माणूस घड्याळाला धरून आला होता. थोरली उठली. दार अर्धंच उघडून म्हणाली, “झालं नाही हो अजून. परवा या.”

“पण बाई, तुम्हीच म्हणाला होतात की...”

“म्हणाले होते. चुकलंच माझं.”

ती आत आली. मांडीवरून घसरलेली दोन पानं जमिनीवर पडली होती, ती तिनं उचलली नाहीत. खुर्ची ओढून, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ती धाकटीच्या समोर बसली. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवून दिले.

धाकटीनं चष्मा काढला, बाहीला पुसला, नाकावर नीट बसवला आणि बघू लागली. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, कुठे घाई नाही.

“ताई,” ती म्हणाली, “किती म्हातारी झालीस गं!”