ताईची क्लिप

“जुन्या तैलचित्रातल्या बाईची नक्कल पुष्कळ केलीस, आता जिवंत माणूस बसव,” चित्रकलेचे मास्तर म्हणाले, तेव्हा त्याने ताईलाच बसवलं. भाजल्याचा डाग असलेला गाल ती एरवी केसांआड ठेवायची. आज तिने आपणहून केस मागे घेऊन क्लिप लावली आणि तो गाल खिडकीकडे केला. “आरशासमोर लाजते मी, तुझ्यासमोर कशाला?” पण डागाचा रंग काही केल्या जमेना, पॅलेटवर नुसता चिखल झाला. शेवटी त्याने हाताला पाठ झालेला, तैलचित्रातल्या त्या बाईचाच गुळगुळीत गाल चित्रातल्या ताईला चिकटवला. मान अवघडली तरी ताई हलली नाही. मग उठून चित्रासमोर आली. बराच वेळ बघत राहिली. “छान जमलाय गाल,” म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उगाच ब्रश पुसत बसला. ताईने क्लिप काढली आणि केस पुन्हा गालावर ओढून घेतले.