एकटीची फेरी

"परत फिर!" शाळेच्या बाई ओरडल्या. इंजिनाचा आवाज कमी करून त्या पुन्हा ओरडल्या, "दादा, परत फिर म्हणते ना!"

मागच्या बोटीतून दादाने, त्यांच्या थोरल्या भावाने, हात हलवला, लहान मुलाला घराच्या दारातून हलवतात तसा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी घरच्या बंदरातून त्या निघाल्या, तेव्हापासून हा शेपटासारखा मागे लागला होता. नियम कसा, तर पहिलीतल्या पोरालाही कळावा इतका सोपा होता. एकट्याने, कुणाची मदत न घेता, सूर्य मावळायच्या आत मोठ्या बंदरापर्यंत बोट न्यायची. तिथे अधिकारी सही करील आणि परवाना मिळेल. परवाना मिळाला की खाडीपलीकडच्या अकरा पोरांना बाई स्वतःच शाळेत आणणार होत्या. सध्या ती दादाच्या बोटीने येत, म्हणजे दादाला सवड असेल तेव्हा येत. या सहामाहीत अठरा दिवस त्याला सवड नव्हती.

मधल्या बंदरात शिक्का मारताना कारकून हसला होता. "दादा आहेत ना मागे, मग कसली काळजी? सोबत आहेत असं लिहू?"

"लिहून तर बघा," बाई म्हणाल्या. "आधी तुमचं पेन पाण्यात जाईल, मग तुम्ही."

तेवढ्यात दादा पेट्रोलची टाकी खांद्यावर मारून भरून घ्यायला धावला होता. बाई थांबल्या नाहीत. तो धापा टाकत परत आला, टाकी बोटीत आदळली, नळी जोडली आणि पुन्हा मागे लागला.

आता त्याची बोट हाकेच्या अंतरावर आली.

"तू दिसलास तर माझी फेरी बाद होईल, कळतंय का तुला?"

"होऊ दे की बाद! पुढच्या वर्षी ये परत. तुला समुद्रात एकटीला सोडलं, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, धाकटे."

"अठरा दिवस पोरं धक्क्यावर ताटकळत उभी होती, तेव्हा कुठे होते तुझे लोक?"

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याचं इंजिन खोकलं. दोनदा खोकलं, मग गप्प झालं. त्याने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. एकदा, चारदा, दहादा. वारा त्याची बोट खडकांकडे ढकलत होता. खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा फेस आता स्पष्ट दिसत होता.

"दोर टाक!" दादा ओरडला.

बाईंनी बोट वळवून जवळ आणली. दोराचं वेटोळं उचललं आणि हातातच धरून ठेवलं. दोर टाकला तर मोठ्या बंदरात एकमेकींना बांधलेल्या दोन बोटी शिरणार. कोण कुणाला ओढतंय हे धक्क्यावरच्या माणसांना बघावं लागत नाही. ते त्यांना आधीच ठाऊक असतं.

"पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाब," त्या म्हणाल्या. "कसा लागतोय?"

"दोर टाक गं! तीस वर्षं बोट चालवतोय मी, मला शिकवतेस?"

"कसा लागतोय?"

दादाने फुगा दाबला. "चपटा."

"चपटा का झाला?"

"मला काय माहीत!"

"माहीत आहे. टाकीतून पेट्रोल बाहेर पडतं, तेव्हा त्या जागी आत काय जायला हवं?"

लाट आली. दोन्ही बोटी खडकांकडे आणखी सरकल्या. बाईंच्या मुठीत दोर ओला झाला होता. त्यांनी मनात आकडे सुरू केले. वीस झाले की टाकायचा. मग फेरी जाऊ दे, वर्ष जाऊ दे.

बारा. तेरा.

"हवा," दादा पुटपुटला. त्याचा हात टाकीच्या झाकणावर गेला. टाकी उचलताना पेट्रोल सांडू नये म्हणून झाकणावरचा हवेचा स्क्रू त्यानेच घट्ट पिळला होता आणि पळापळीत तो तसाच राहिला होता. त्याने तो सैल केला. टाकीने सुस्स करून श्वास घेतला. त्याने फुगा दाबला, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं.

बाईंनी दोर पायाशी टाकला.

"आता तरी परत फिर."

तो फिरला नाहीच.

मोठ्या बंदरात ऊन धक्क्यावर तिरपं आलं होतं. बाईंनी एका फटक्यात बोट लावली, दोन गाठी मारल्या, वर आल्या. अधिकाऱ्याने कागद हातात घेतला. तो बाईंकडे बघतच नव्हता. मागून पायऱ्या चढून येणाऱ्या दादाकडे बघून तो ओळखीचं हसला.

"काय दादा, सोबत होतात वाटतं? मदत करावी लागली ना वाटेत?"

दादा धक्क्याच्या दगडांकडे बघत राहिला. चार खलाशी जाळी आवरायचं सोडून कान देऊन उभे होते.

"लागली," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं आणि पेन 'मदत घेतली' या रकान्यावर टेकवलं.

"कुणाला लागली?" बाईंनी विचारलं.

"मला," दादा ओठांतल्या ओठांत म्हणाला. अधिकारी कान पुढे करून म्हणाला, "काय म्हणालात?"

"मोठ्याने सांग, दादा," बाई म्हणाल्या. "मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."