कुडाळपर्यंत

भाईंचा श्वास थांबला तेव्हा गाडीने रत्नागिरी सोडून दहा मिनिटं झाली होती. रुक्मिणीने कांबळं त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढलं, त्यांचा चेहरा भिंतीकडे वळवला आणि रडणं कुडाळपर्यंत राखून ठेवलं.

बोभाटा झाला की पुढच्याच स्टेशनावर उतरवतील. पोलीस, पंचनामा, मग फाडाफाडी. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा भाईंनी एवढंच म्हटलं होतं, आचऱ्याक घरी न्या. गर्दीचा त्रास न होता आडवं पडून जाता यावं म्हणून पुतण्याने एसीची तिकिटं काढली होती. एसी डब्यात दोघं नवरा-बायको जन्मात पहिल्यांदाच बसली. कुडाळला घरची माणसं जीप घेऊन उभी असणार. अडीच तास काढायचे होते.

समोरच्या बर्थवर नाना होते, कुडाळच्या बाजारातले दुकानदार, रात्री गाडीतच ओळख झालेले. भाईंचा जीव गेला तेव्हा ते तोंड धुवायला गेले होते. एसीच्या भाड्यात आपल्या पदरात काय पडलं हे त्यांना पाठ होतं. दोन चादरी, उशी, कांबळं. नॅपकिन मिळाला नव्हता, तो त्यांनी डब्यात चादरी वाटणाऱ्या माणसाशी हुज्जत घालून मिळवला आणि तडक पिशवीत टाकला. भाईंना मिळाला का, याचीही चौकशी करून झाली होती.

पँट्रीवाला आला. नानांना ऑम्लेट-पाव, रुक्मिणीला रात्री सांगितलेले दोन चहा. एकच दे म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं. घरात मढं असलं की ते उचलेपर्यंत कोणी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. सासऱ्यांच्या वेळी तिने तहानेने जीभ कोरडी पडू दिली होती. दोन्ही कप टेबलावर तसेच राहिले.

नानांनी पहिला घास घेता घेता तिला टोकलं, भाईंचा चहा निवतोय, पैसे काय उगाच भरलेत? झोप लागलीय, ती म्हणाली. मग मीच उठवतो, म्हणत नाना वाकले आणि कांबळ्याबाहेर आलेलं भाईंचं पाऊल त्यांनी हलवलं.

हात तिथेच राहिला. मग हळूच मागे आला. नानांनी ऑम्लेटच्या डब्याचं झाकण लावलं, डबा बाकाखाली सारला आणि बाटलीतल्या पाण्याने बोटं धुतली.

त्यांना कळलं होतं, आणि ते रुक्मिणीलाही कळलं. तिने पदराखाली हात जोडले. नानांनी एक हाक मारली की संपलं.

एवढ्यात पडदा सरकला. कणकवली-कुडाळवाल्यांच्या चादरी-कांबळी गोळा करायला डब्यातला माणूस आला होता. नानांचं घेऊन झालं, आणि त्याने भाईंच्या कांबळ्याचं टोक धरलं.

"यांना उठवा, मावशी. मला मोजून द्यायचं असतं."

रुक्मिणीने कांबळ्याचं दुसरं टोक मुठीत धरलं.

"वयनीनू, चाय घेवा," नाना हलकेच म्हणाले. "तो बघता हा."

तिने कप उचलला. घोट गिळला. दुसरा घेतला.

"आजारी माणूस आहे. कांबळं कुडाळला ने," नानांनी त्याला दुकानातल्या आवाजात सांगितलं आणि ते भाईंच्या उशीकडे झुकले. "काय भाईनू, यंदा कलमांक मोहर बरो इलो मां?"

त्या माणसाने टोक सोडलं, पण तो गेला नाही. तिथेच उभा राहून चादरींच्या घड्या घालू लागला.

मग नानांना थांबता येईना. त्यांनी आचऱ्याच्या जत्रेचं विचारलं, बांगड्याचा भाव विचारला, घरी वाट बघत असलेल्यांची नावं विचारली. प्रत्येक प्रश्नानंतर ते उत्तरापुरते थांबत होते, उशीकडे कान देत होते आणि मान डोलावत होते.