बुधाजीचा कावळा

ऊन डोक्यावर आलं तरी पिंडाला कावळा शिवेना.

नागावच्या किनाऱ्यावर भावकी ताटकळत उभी होती. कावळे दिसत होते, पण लांब, प्रकल्पाच्या आवारात, हॉटेलांच्या उष्ट्याच्या ढिगावर. तेच उष्टं टाकीत कोंडून आंबवायचं आणि त्यातून हायड्रोजन काढायचा. स्वच्छ इंधन म्हणतात. टाकी काही आपोआप स्वच्छ होत नाही. तळाचा गाळ उपसायला बुधाजी नाकाला घरचा टॉवेल बांधून आत उतरला आणि तिथेच गुदमरून मेला.

धाकटा भाऊ सदा पिंडापुढे हात जोडून एकेक शब्द देत होता. तुझ्या पोरीचं, प्राप्तीचं लग्न मी लावीन. वैनीला अंतर देणार नाही. कावळा हलेना. कुणाला आठवलं, बुधाजीला कांदाभजी आवडायची. भजी आणून ठेवली, ती कुत्र्याने पळवली.

"हाटेलातलं खाऊन माजलेत," सदा पुटपुटला. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

"थांबा," बुधाजीची बायको जनी म्हणाली.

बुधाजीचा जीव कशासाठी अडलाय हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. साहेबांनी बापाच्या जागी अल्पेशला घेतो म्हणून सांगितलं होतं. काम तेच, टाकीचं. आजपासून आला नाही तर जागा दुसऱ्याला. बुधाजी जिता असताना रोज म्हणायचा, माझं पोर या नरकात उतरणार नाही. पण खारातली भातशेती प्रकल्पातच गेलेली. घरात कमावतं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

जनी पिंडापाशी बसली.

"आवो, ऐका. अल्पेशला त्या टाकीत मी उतरू देनार न्हाय. माज्या गळ्याची आन हाय."

ढिगावरून एक कावळा उठला. पिंडाजवळ उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि चोच मारली. सदा हुंदके देऊन रडायला लागला. भावकी मोकळी झाली, चपला शोधू लागली.

जनी तिथेच बसून राहिली. कावळा उडून पार दिसेनासा होईपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. मग लेकाकडे वळली.

"बोडक्याला रुमाल बांध. दुपारची पाळी हाय, पयल्याच दिशी उशीर नको."